‘गुरबत’चा माग घेण्यासाठी शिकागोचे शब्दकोश

अरबीतून निघून फारसी, उर्दू, तुर्की आणि थेट आल्बेनियनपर्यंत पोहोचलेल्या ‘गुरबत’ या शब्दाचा माग काढायचा असेल, तर मराठी वाचकाने शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’तील शब्दकोशांपासून सुरुवात करावी, असे मी आग्रहाने सुचवेन. ही सेवा विनामूल्य आहे आणि मोल्सवर्थचा मराठी कोश (१८५७ ची दुसरी आवृत्ती), दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, प्लॅट्सचा उर्दू कोश (१८८४) व स्टाइनगासचा फारसी कोश (१८९२) हे जाडजूड ग्रंथ तिथे घरबसल्या चाळता येतात.

या शब्दाच्या अरबी धातूत मावळण्याचा आणि दूर जाण्याचा असे दोन्ही भाव आहेत. म्हणूनच ‘मगरिब’ म्हणजे पश्चिम, ‘गरीब’ म्हणजे परका आणि ‘गुरबत’ म्हणजे मायदेशापासून दूर असण्याची अवस्था व तिच्यातले एकाकीपण. मराठी माणसाला मात्र यांपैकी एकच शब्द घरचा वाटतो, तो म्हणजे ‘गरीब’, आणि त्याचा परकेपणाशी काही संबंध असेल अशी शंकाही आपल्याला येत नाही. मोल्सवर्थ शब्दापुढे त्याच्या मूळ भाषेची खूण देतो, त्यामुळे ‘गरीब’ अरबीतून आला हे पाहताक्षणी कळते. तिथून प्लॅट्सकडे आणि पुढे स्टाइनगासकडे गेले की अर्थ कसा सरकत गेला याचा अंदाज येऊ लागतो. परमुलखात ज्याला भाऊबंद नाहीत तो निराधार, निराधार तो दीन आणि दीन तो निर्धन, असा तो प्रवास असावा. फारसीत ‘गरीब’ आजही परका आहे. इराणमधील मशहदला चिरविश्रांती घेणाऱ्या, शिया पंथाचे आठवे इमाम असलेल्या इमाम रझांना ‘परक्यांतील परका’ या अर्थाच्या उपाधीने आदराने संबोधतात. आपल्याकडे गरीब स्वभावाचा माणूस म्हणजे मवाळ माणूस, आणि हिंदीतल्या ‘अजीबोगरीब’मध्ये जुन्या नवलाईचा अवशेष उरला आहे. ‘गुरबत’चा जोडीदार ‘वतन’ हा शब्दही मराठीत मायभूमीऐवजी वंशपरंपरागत हक्क या अर्थाने रूढ झाला, हे मला विशेष लक्षणीय वाटते.

या सेवेचा खरा उपयोग पारखायचा असेल, तर इक्बाल यांचे १९०४ चे ‘सारे जहाँ से अच्छा’ घ्यावे. त्याच्या दुसऱ्या शेरात ‘गुरबत’ आणि ‘वतन’ समोरासमोर येतात. आजच्या उर्दूत ‘गुरबत’ म्हणजे बहुधा दारिद्र्य, आणि तोच अर्थ धरला तर कवी निर्धनतेविषयी बोलतो आहे असे वाटून शेराचा रोखच चुकतो. प्लॅट्सचा कोश त्या काळाच्या जवळचा असल्यामुळे परदेशवासाचा अर्थ तिथे ठळकपणे भेटतो. म्हणून कोश उघडताना त्याचे प्रकाशनवर्ष अवश्य पाहावे. एकोणिसाव्या शतकातल्या कोशाकडून आजच्या बोलीची अपेक्षा ठेवणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. इंग्रजी अर्थांतूनही शोध घेता येतो, ही सोय विशेष मोलाची आहे, कारण त्यामुळे ‘परागंदा’सारखे शेजारचे शब्दही हाती लागतात.

या संग्रहाची मर्यादा भौगोलिक आहे. दक्षिण आशिया आणि त्याला लगतचा फारसी प्रदेश एवढेच त्याचे क्षेत्र असल्याने शब्दाची पश्चिमेकडची वाट तिथे सापडत नाही, आणि तीच वाट सर्वांत भावपूर्ण आहे. तुर्कीत ‘गुरबेत’ म्हणजे परमुलूख, तर ‘सिला’ म्हणजे जिची ओढ लागते ती जन्मभूमी. ३० ऑक्टोबर १९६१ रोजी पश्चिम जर्मनी व तुर्कस्तान यांच्यात कामगारभरतीचा करार झाला आणि जर्मनीत गेलेल्या तुर्की कामगारांना ‘गुरबेतची’ हेच नाव पडले. मुंबईतला कोकणी चाकरमानी आणि हा गुरबेतची यांच्यात मला जवळचे नाते दिसते. उस्मानी (ऑटोमन) राजवटीत हाच शब्द बाल्कन प्रदेशात गेला. आल्बेनियनमधले त्याचे ‘कुर्बेत’ हे रूप पोटासाठी परदेशी जाण्याकरता आजही वापरात आहे. एवढ्या भागासाठी तुर्की भाषा संस्थेचा ऑनलाइन कोश जोडीला घ्यावा. त्यातले अर्थ तुर्कीतच दिलेले असल्याने तुर्की न जाणणाऱ्याला भाषांतराची मदत घ्यावी लागेल.