विस्कॉन्सिनचे पोल: ऑगस्टचा, शेवटचा की मागचा निकाल?

शिकागोतला माझा एक मित्र दर चार वर्षांनी, अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी, ऑगस्टमध्ये न चुकता मेसेज टाकतो, विस्कॉन्सिनचं काय वाटतंय, वीकेंडला जाऊन प्रचाराला दारं वाजवू की घरीच बसू? त्याचं बरोबर आहे म्हणा, त्याच्या इलिनॉयमध्ये निकाल आधीच ठरलेला असतो आणि गाडीने तास-दीड तासावर बॉर्डरपलीकडे विस्कॉन्सिन राज्याची १० इलेक्टोरल मतं (राज्य जिंकणाऱ्याला मिळणारी, अध्यक्ष ठरवणारी मतं) काठावर लटकलेली. पण ठरवायचं कोणता आकडा बघून?

ऑगस्टचा पोल, म्हणजे मतदारांना विचारून काढलेला अंदाज, बघून तर अजिबात नको. २०१६ च्या ऑगस्टमध्ये मिलवॉकीच्या मार्क्वेट लॉ स्कूलचा पोल आला, नक्की मत देणाऱ्यांमध्ये क्लिंटन ५२, ट्रम्प ३७. पंधराचा लीड! क्लिंटनबाई नंतर प्रचाराला तिकडे फिरकल्याच नाहीत आणि नोव्हेंबरात ट्रम्प २२,७४८ मतांनी जिंकले. २०२४ मध्ये तर जुलैपर्यंतचे पोल बायडन विरुद्ध ट्रम्प विचारत होते, २१ जुलैला बायडनच बाजूला झाले आणि त्यांच्या जागी हॅरिस आल्या, म्हणजे ते सगळे आकडे रद्दीत.

मग शेवटचा पोल? त्यातल्या त्यात बरा, पण कसा बरा ते बघा. मार्क्वेटचाच शेवटचा पोल २०१६ ला क्लिंटन +६, हरल्या. २०२० ला बायडन +५, जिंकले पण फक्त २०,६८२ मतांनी. २०२४ ला हॅरिस +१, ट्रम्प २९,३९७ ने आले. म्हणजे तिन्ही वेळा चूक एकाच बाजूला, डेमोक्रॅट उमेदवाराच्या, आणि हे राज्यातलं सगळ्यात नावाजलेलं दुकान आहे बरं का. २०२० मध्येच एका मोठ्या चॅनल-पेपरच्या पोलने ऑक्टोबरअखेर बायडनना १७ चा लीड दिला होता, तो तर विसराच.

सरासरी काढली की चुका एकमेकींना खातात असं म्हणतात, पण सगळेच एकीकडे झुकले असतील तर सरासरीही तिकडेच झुकणार ना. २०१६ ला राज्याराज्यातल्या बऱ्याच पोलनी शिक्षणाचा हिशोब धरलाच नव्हता, डिग्रीवाले पोलला जास्त उत्तरं देतात आणि ते क्लिंटनकडे होते. माझी मावसबहीण विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला असते, अनोळखी नंबर दिसला की ती फोन पालथा ठेवते, नवरा मात्र उचलतो आणि वीस मिनिटं उत्तरं देत बसतो. पोलमध्ये नवरा येतो, ही येत नाही, मत दोघांचं एकेक.

राहिला मागचा, म्हणजे चार वर्षांपूर्वीचा निकाल. माझं मत विचाराल तर गेल्या दोन वेळा हाच सगळ्यात खरा निघाला: सलग तीन निवडणुका एक टक्क्याच्या आत. पण याचीही खात्री नाही हं, २००४ ला डेमोक्रॅट उमेदवार केरी इथे जेमतेम ११ हजारांनी आले होते आणि चारच वर्षांनी ओबामांनी सुमारे १४ टक्क्यांनी मैदान मारलं.

म्हणून मित्राला मी सांगितलं ते असं, लीडचा आकडा सोड, एकाच संस्थेचे जून, ऑगस्ट, ऑक्टोबर ओळीने लाव आणि कोण सरकतंय तेवढं बघ. आठशे माणसांच्या पोलला साडेतीन टक्के इकडेतिकडे म्हणतात, पण ते एकेका उमेदवाराच्या आकड्याला, दोघांमधल्या फरकाला जवळपास दुप्पट, म्हणजे चारच्या लीडला लीड म्हणायचंच नाही. आणि जायचंच असेल तर ऑक्टोबरची वाट बघत बसू नकोस, तोपर्यंत बऱ्याच जणांच्या पोस्टाच्या मतपत्रिका घरी येऊन पडलेल्या असतात. तो म्हणाला, मग पोल बघायचेच कशाला? मी म्हटलं, बघ ना, पण पेट्रोल भरून झाल्यावर.