विनिपेगची आकॉय फ्रँकोफोन संस्था : पाचपैकी चार स्टार

आमची लेक अन् जावईबापू कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात विनिपेगला गेलेत, पीआर म्हणजे तिथं कायम राहायचा परवाना मिळाला तो लेकीच्या फ्रेंचवर. 2023 पासून कॅनडानं एक्सप्रेस एन्ट्रीत (गुणांवर पीआरसाठी निवडायची त्यांची पद्धत) फ्रेंचवाल्यांचे वेगळे ड्रॉ काढलेत, त्यात कटऑफ बराच खाली येतो, म्हणून नंबर लागला. सांगलीतल्या एका एजंटनं नुसते फॉर्म भरायचे भरमसाट पैसे घेतले आणि विमान उडाल्यावर फोन उचलणंच बंद. तिकडं पोचल्यावर हात दिला तो फ्रेंच बोलणाऱ्या नव्या लोकांना मदत करणाऱ्या या संस्थेनं, तेही फुकट, खर्च कॅनडा सरकार देतं.

सिन नंबर (तिथं नोकरीला लागतो तो सरकारी नंबर), हेल्थ कार्ड, बँक, नातवाची शाळा हे तर झालंच. पण मला भारी वाटलं ते घरभाड्याचं. तिथल्या मॅडमनी अ‍ॅग्रीमेंट समोर ठेवून एकेक ओळ समजावली, आणि डिपॉझिट अर्ध्या महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त मागताच येत नाही हा मॅनिटोबाचा कायदा पण सांगितला. आपल्या विश्रामबागेत घरमालक काय काय मागतात ते सांगायलाच नको!

एवढं कशापायी करतात? तर सेंट बोनिफेस हा जुना फ्रेंच भाग सोडला तर विनिपेगात फ्रेंच बोलणारे कमीच. 1870 ला मॅनिटोबा प्रांत झाला तेव्हा इंग्रजी-फ्रेंच दोन्ही भाषांना मान होता, 1890 ला प्रांताच्या सरकारनं फक्त इंग्रजी ठेवली, तो कायदा सुप्रीम कोर्टानं पार 1979 ला उडवला, तोवर पिढ्या गेल्या की हो. म्हणून नवीन कुटुंब आलं की पोरं फ्रेंच शाळेत यावीत ही धडपड, आपल्या जतकडं कानडी शाळेचा पट टिकवायला मास्तर घरोघर जातात तसं. स्वार्थ आहे, पण असला स्वार्थ चालतोय मला.

एक स्टार कापला तो दोन गोष्टींसाठी. केंद्राच्या पैशातल्या बहुतेक सेवा पीआर आणि निर्वासितांनाच, स्टडी परमिटवर गेलेल्या पोरांना नाहीत, आणि आपल्याकडनं जास्त तेच जातात. दुसरं म्हणजे फ्रेंचवर पीआर मिळालं तरी नोकरीला बऱ्याच ठिकाणी इंग्रजीच लागतं, जावईबापू अजून इंटरव्ह्यू देतायत. संस्थेचा दोष नाही म्हणा, पण आधी माहीत असलेलं बरं.

जायच्या आधीच मेल टाका, फ्रेंचमधेच टाका. आणि थंडीचे बूट इथनं नेऊ नका, उणे तीसला ते काय कामाचे नाहीत, स्वस्तात कुठं मिळतात ते संस्थेतलेच सांगतात.