वजनाच्या ऑपरेशननंतरचं रिकव्हरी किट: सहा आठवडे वापरून झाल्यावर

माझी स्लीव्ह (वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून टाकतात ते ऑपरेशन) झाली त्याला आता सहा आठवडे झाले. डिस्चार्जच्या दिवशी हॉस्पिटलने एक भलंमोठं खोकं हातात दिलं, त्यात प्रोटीन पावडरचा डबा, सिपर बाटली, पोटाचा पट्टा, श्वास आत ओढायचे तीन बॉलवाले यंत्र, गोळ्यांची डबी, वजन लिहायचा तक्ता, एक माहितीपुस्तिका आणि तळाशी चार छोटे प्लास्टिकचे कप, ३० मिलीचे, ज्यावर रेषा असतात ते. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाहीये कारण माणसं खरंच चांगली होती, राग आहे तो खोक्यावर.

आधी त्या कपांबद्दलच लिहिते. ऑपरेशनच्या आधी सगळे मला खाण्याबद्दल सांगत होते, हे खाता येणार नाही ते खाता येणार नाही, आणि मी पण त्याचंच टेन्शन घेऊन बसले होते. पण पहिल्या दोन आठवड्यांत भूक हा विषयच नव्हता (जठराचा जो भाग काढतात तिथेच भुकेचं हार्मोन जास्त तयार होतं, त्यामुळे). खरा वांधा झाला पाण्याचा. पुस्तिकेत एक ओळ होती, रोज दीड ते दोन लिटर द्रव घ्या, बस्स. अहो पण कसं? जठराचा पाऊण भाग गेलाय, उरलेलं सुजलंय, एक घोट जरा मोठा झाला की छातीच्या मधोमध दगड अडकल्यासारखं होतं. पहिल्या दिवशी घरी मी नेहमीसारखा ग्लास तोंडाला लावला आणि मग पंधरा मिनिटं भिंतीला धरून उभी होते.

संध्याकाळी फॉलोअपच्या नर्सचा फोन आला तेव्हा तिने हिशोब सांगितला: एक कप म्हणजे ३० मिली, दर १५ मिनिटांनी एक, तासाला १२० मिली, बारा साडेबारा तास असं केलं की दीड लिटर होतं. म्हणजे जागेपणी पूर्णवेळ हेच काम. मोबाइलवर दर १५ मिनिटांचा अलार्म लावला, घरच्यांना वेड लागायची पाळी आली, पण त्या दिवसापासून गाडी रुळावर आली. सुरुवातीला एक कप पण एका दमात जात नव्हता, १५ मिलीच्या रेषेपर्यंतच भरायचे. चार कपांचा फायदा असा की एक पलंगाजवळ, एक बाथरूमच्या वाटेवर, एक टेबलावर, कुठे पण बसलं तरी समोर दिसतोच. आख्ख्या खोक्यातली सगळ्यात फालतू दिसणारी वस्तू ही, आणि पुस्तिकेत तिच्याबद्दल एक अक्षर नाही!

सिपर बाटलीची तर गंमतच. डायटिशियनने आधीच बजावलं होतं की स्ट्रॉने पिऊ नका, हवा पोटात जाते आणि गच्च वाटतं. आणि किटमधल्या बाटलीला स्ट्रॉ! एकाच हॉस्पिटलचे दोन विभाग एकमेकांशी बोलत नाहीत का?

आता प्रोटीन पावडर. सांगितलं होतं रोज ६० ग्रॅम तरी प्रोटीन गेलंच पाहिजे, ते बरोबरच आहे, कमी पडलं तर चरबीबरोबर स्नायू पण जातात. पण डबा होता एक किलोचा, एकच फ्लेवर, चॉकलेट. मला चॉकलेट जाम आवडायचं, आवडायचं म्हणजे ऑपरेशनच्या आधी. नंतर चव आणि वास इतके बदलले की डबा उघडला तरी मळमळायचं, गोडवा नुसता घशाशी यायचा. हे खूप जणांना होतं म्हणे, मग हॉस्पिटलला हे माहीत असणारच ना, मग एक किलो कशाला, पाच छोटी सॅशे द्या वेगवेगळ्या चवीची. शेवटी ताईने बिनचवीची आयसोलेट (म्हणजे जवळपास निव्वळ प्रोटीनची) पावडर आणून दिली, ती कोमट सूपमध्ये नीट मिसळते, उकळत्यात टाकली तर गुठळ्या होतात. अजून एक, एक स्कूप २५० मिलीत बनवला तर आमच्या स्पीडने तो संपायला दोन तास लागतात, तोपर्यंत त्याला वास यायला लागतो. अर्धा अर्धा स्कूप बनवा आणि उरलेला फ्रीजमध्ये ठेवा. शेक पण द्रवातच मोजतात, हे मला आठव्या दिवशी कळलं, उगाच वेगळं दीड लिटर पाणी ढोसायचा प्रयत्न करत होते.

पट्टा: बसलं की गुंडाळून वर येतो. दुर्बिणीचं ऑपरेशन, पाच छोटी भोकं, खोकताना पोटावर उशी दाबून धरली तर जास्त बरं वाटतं. बॉलवालं यंत्र मात्र कंटाळा न करता वापरा, फुफ्फुसं नीट उघडतात. माझा उजवा खांदा पहिले तीन दिवस इतका दुखत होता की वाटलं टेबलावर वाकडं झोपवलं असेल, पण ते पोटात भरलेल्या गॅसमुळे असतं, छाती आणि पोटाच्या मधला पडदा चिडतो आणि दुखतो खांदा. त्यावर चालणं हाच उपाय, पायात गुठळी होऊ नये म्हणून पण चालायचंच असतं.

गोळ्यांच्या डबीला दिवसाचे तीन कप्पे. माझ्या वेळा सहा, कारण कॅल्शियम एकदम घेऊन चालत नाही, ५०० मिलिग्रॅमचे वेगवेगळे डोस आणि आयर्नपासून दोन तास लांब, अॅसिडिटीची गोळी उपाशीपोटी. डबी ताईला देऊन टाकली.

वजनाचा तक्ता मी फाडला. त्यात रोजचा रकाना आहे. पहिल्या दोन आठवड्यांत काटा भराभर खाली येतो, त्यात पाण्याचा वाटा बराच असतो, आणि तिसऱ्या आठवड्यात अचानक थांबतो. माझा नऊ दिवस ढिम्म. रोज सकाळी रिकाम्या रकान्यात तोच आकडा लिहायचा आणि रडायचं, कोणाला सुचलं हे? नर्सला फोन केला तर ती हसून म्हणाली, “तिसरा आठवडा ना? सगळेच करतात फोन.” अहो मग पुस्तिकेत छापा की!

पुस्तिकेवरून आठवलं, सगळ्यात महत्त्वाचं पान शेवटी आणि बारीक अक्षरात आहे. नाडी सतत १२० च्या वर, ताप, धाप लागणं, पोटातलं दुखणं वाढत जाणं, पाणी पण न टिकणं, यातलं काहीही झालं तर वाट न बघता हॉस्पिटल. हे फ्रीजवर चिकटवायचं पान आहे. वेदनाशामकांबद्दल पण असंच ठळक छापायला हवं होतं. डोकं दुखत होतं म्हणून मी सवयीने आयबुप्रोफेन काढली, ताई ओरडली, “अगं थांब, आधी विचार त्यांना!” विचारलं तर ती बंदच आहे, जठराला जखम होऊ शकते, पॅरासिटामॉल घ्या म्हणाले. आमच्या पुस्तिकेत याचा पत्ता नव्हता.

फोनवरच्या सर्व्हिसला मात्र पूर्ण मार्क. चौथ्या आठवड्यात पातळ पेस्टसारखं खाणं सुरू झालं, मी दोन चमचे घाईत गिळले आणि तोंडातून नुसता चिकट फेस यायला लागला, घाबरून रात्री फोन केला. चाळीस मिनिटांनी परत फोन आला, एवढीच तक्रार, पण बोलले शांतपणे, आधी नाडी मोजायला लावली, मग उभं राहून हळू चाला, काही पिऊ नका, तासाभराने परत फोन करतो. आणि केला.

किटला ५ पैकी २, नर्सला ५. वेगळे पैसे मागत असतील तर किट घेऊ नका, चार कप तेवढे मागून घ्या. माझा एक कप हरवला तेव्हा मी विचारलं की खोकल्याच्या औषधाबरोबर येतो तो चालेल का, तर म्हणे चालेल, फक्त धुऊन घ्या.