कलेसाठी जागा बांधायचीय: भव्य संकुल, जुना कारखाना की वस्तीतला छोटा हॉल?

शहर वाढतंय, निधी एकदाच मिळणारे आणि त्यात कलेसाठी काय उभं करायचं हे ठरवायचंय, तर फिरून फिरून हेच तीन पर्याय समोर येतात. मला यात सगळ्यात जास्त एकच गोष्ट खुपते, आपण सीट्स मोजतो पण तालमीच्या जागा मोजत नाही. प्रयोग दोन तासांचा असतो, तालीम दोन महिने चालते, आणि त्या दोन महिन्यांसाठी ग्रुपला परवडेल अशी खोलीच नसेल तर हजार सीट्सच्या हॉलमध्ये करणार काय?

भव्य संकुल म्हटलं की सगळे स्पेनमधल्या बिल्बाओचं उदाहरण देतात, एका म्युझियमने अख्खं शहर पालटलं म्हणून. तिथलं गुगेनहाइम म्युझियम 1997 ला उघडलं हे खरं, पण मेट्रो 1995 लाच सुरू झाली होती, नदी साफ करायचं काम चालू होतं, नदीकाठची जुनी बंदराची जागा मोकळी होत होती, म्हणजे अख्खं शहरच बदलत होतं. नुसती बिल्डिंग उचलून आणली तर तसं काही होणार नाही. खर्चाचं बघायचं तर सिडनी ऑपेरा हाऊसचा अंदाज होता 70 लाख डॉलर, लागले 10 कोटी 20 लाख, आणि 1963 ला संपायचं काम 1973 ला संपलं. एवढं करूनही मुख्य कॉन्सर्ट हॉलमध्ये वादकांना स्टेजवर एकमेकांचं नीट ऐकू येत नाही ही तक्रार कित्येक वर्षं राहिली, मोठी दुरुस्ती होऊन तो 2022 ला परत उघडला. तरी मोठं नेपथ्य वर ओढून घ्यायला स्टेजच्या वर भरपूर उंच जागा लागते, पूर्ण ऑर्केस्ट्रा बसवायला जागा लागते, ते छोट्या हॉलमध्ये होत नाही हेही तितकंच खरं.

जुनी इमारत वापरणं मला मनापासून आवडतं. लंडनचं टेट मॉडर्न म्हणजे बंद पडलेलं वीजकेंद्र, 2000 ला म्युझियम झालं. पण माझं लाडकं उदाहरण ब्राझीलमधल्या साओ पाउलोचं सेस्क पोंपेया, सेस्क म्हणजे व्यापार क्षेत्रातल्या कामगारांसाठी काम करणारी तिथली संस्था. पत्र्याचे ड्रम म्हणजे पिंपं बनवायचा कारखाना होता, वास्तुविशारद लीना बो बार्दी बघायला गेल्या तर तिथे मुलं खेळत होती, घरची माणसं निवांत बसलेली, मग त्यांनी कारखाना न पाडता तसाच ठेवला आणि त्यात थिएटर, लायब्ररी, वर्कशॉप केले, शेजारी खेळासाठी टॉवर बांधले. 1982 पासून ते चालू आहे आणि चालू राहण्यामागे पैशाची सोय आहे, सेस्कला व्यापारी कंपन्यांच्या पगारखर्चावर 1.5 टक्के सक्तीची वर्गणी मिळते. ही सोय आधी बघा, इमारत नंतर. आणि हो, मधले खांब, छताची उंची, आग लागली तर बाहेर पडायचे रस्ते हे इंजिनिअरकडून तपासून घेतल्याशिवाय हो म्हणू नका.

छोटे हॉल स्वस्त, घराजवळ, रात्री उशिरा परतायची चिंता कमी. कोलंबियातल्या मेडेजीन शहराने तर डोंगरावरच्या गरीब वस्त्यांत लायब्ररी-पार्क बांधले, पण त्यातलं एस्पान्या नावाचं बांधकामातल्या दोषांमुळे काही वर्षांतच बंद करावं लागलं, तेव्हा छोटं आहे म्हणून कामावरची नजर हटवून चालत नाही. दुसरा त्रास आवाजाचा, शेजारी नवीन फ्लॅट होतात आणि मग तक्रारी हॉलवर येतात. लंडनच्या 2021 च्या आराखड्यात यावर नियम आहे, जो नंतर येऊन बांधेल त्यानेच साउंडप्रूफिंग करायचं. हा नियम पहिला हॉल उघडायच्या आधी करून घ्या.

माझं मत विचाराल तर स्टेशनजवळ मजबूत जुनी इमारत असेल तर आधी ती, अर्धी जागा फक्त तालमीसाठी, सोबत चार-पाच वस्त्यांत छोटे हॉल. भव्य संकुलाकडे तेव्हाच वळा जेव्हा हे हॉल रोज भरलेले असतील आणि दहा वर्षांचा वीज, एसी, सफाई, तंत्रज्ञांच्या पगाराचा खर्च कोण देणार ते कागदावर लिहून झालेलं असेल.