घोडेस्वारीच्या सुट्टीसाठी घेतलेलं सामान: दिवाळी ते गणपती वापरून झाल्यावर

निकाल आधी सांगते. डोक्यावर बसणारं आणि कमरेखाली अंगाला घासणारं जे काही आहे, तिथे हात आखडू नका. बाकीचं बडोद्यात मिळतं, शिवून होतं, नाहीतर घरात पडलेलंच असतं.

दिवाळीनंतर मेवाडात, कुंभलगडच्या बाजूच्या अरवलीत मारवाडी घोड्यांवरून फिरायला गेलो होतो. दिवसा खोगिरावर, रात्री तंबूत, सामान जीपने पुढे. तेव्हापासून हेच सगळं इथे रविवार सकाळच्या रपेटीला वापरतेय. म्हणजे थंडी, मे महिना आणि अख्खा पावसाळा यातून ते गेलंय. ब्रँडची नावं देत नाही, मॉडेलं दर वर्षी बदलतात आणि नावापेक्षा शिवण महत्त्वाची.

"स्कूटरचं हेल्मेट चालेल का?" हे मला बडोद्यातल्या आमच्या निम्म्या दांडिया बाजाराने विचारून झालंय. नाही चालत. ते जड असतं, मान थकते, कान झाकले जातात आणि मागच्या माणसाने घातलेली हाकही नीट येत नाही. सायकलचं हलकं असतं, पण डोक्याची मागची बाजू पुरेशी झाकत नाही, आणि घोड्यावरून माणूस मागेही आपटू शकतो. घोडेस्वारीचंच हेल्मेट घ्या, आत ईएन १३८४, व्हीजी १ किंवा एएसटीएम एफ ११६३ असं त्याच्या सुरक्षा मानकाचं लेबल शोधा. स्कूटरच्या हेल्मेटवर असतं ते आयएस ४१५१, त्याचा इथे संबंध नाही. पट्टा न लावता मान खाली घालून हलवा, हेल्मेट जागचं हललं तर मोठं आहे. केस लांब असतील तर मानेवर खाली बांधून माप घ्या, वर अंबाडा ठेवून नव्हे. माझं साधारण पाच हजारांचं, आतलं अस्तर काढून धुता येतं, आणि या एका सोयीसाठी मी त्याला पूर्ण गुण देते. उन्हाळ्यात मात्र गाडीच्या डिकीत ठेवू नका, तापून आतला फोम आणि डिंक दोन्ही खराब होतात. आणि जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून कितीही धड दिसलं तरी बाद. आतला फोम एकदाच दबण्यासाठी असतो.

आता जोधपुरी, म्हणजे घोडेस्वारीची विजार, या सगळ्या खरेदीतला सगळ्यात रंजक भाग. जीन्स का नको, हे तासाभरात मांड्याच सांगतात. जीन्सची आतली शिवण दुमडून दोनदा मारलेली असते आणि ती नेमकी गुडघा आणि खोगीर यांच्या मधे येते. बाहेरची महागडी ब्रीचेस, म्हणजे तशीच विलायती विजार, घेतली होती, पायांच्या आतल्या बाजूला पकडीसाठी सिलिकॉनचे ठिपके असलेली. पहिल्या सुट्टीत अप्रतिम. होळी येईपर्यंत ठिपके सोलून निघायला लागले, आता गुळगुळीत झालीये. धुण्याच्या सूचना अक्षरशः पाळल्या होत्या, त्यामुळे दोष मी कापडालाच देते.

दुसरा जोड शिवून घेतला. आमच्या टेलरकाकांनी आधी चित्र बघितलं आणि म्हणाले, "ताई, हे बँडवाल्यांचं आहे का?" जुन्या फोटोत जोधपुरी मांडीवर फुगलेली दिसते ना, त्याला कारण आहे. जोधपूरच्या सर प्रतापसिंहांनी १८९७ साली ती विलायतेत नेली, तेव्हा ताणणारं कापड नव्हतं. बसल्यावर मांडीला जागा हवी म्हणून वर घोळ आणि रिकिबीच्या, म्हणजे पाय ठेवायच्या कडीच्या, पट्ट्याने सुरकुत्या पडू नयेत म्हणून गुडघ्याखाली घट्ट. आता चारही बाजूंनी ताणणारं कापड मिळतं, तेव्हा घोळाची गरज नाही. काकांना मी एवढंच सांगितलं: आतल्या बाजूला गुडघ्याजवळ शिवण नको, ती बाहेरून फिरवा आणि गुडघ्याला आतून सुएडचा, म्हणजे मऊ खरबरीत चामड्याचा, तुकडा लावा. मंगळ बाजारातून कापड आणलं. शिलाईसकट खर्च विलायती जोडाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा आला. सुएड धुतल्यावर कडक होतो, हाताने चोळून मऊ करावा लागतो, पण एक टाका उसवलेला नाही. काका आता स्वतःहून विचारतात, "घोड्याची अजून एक काढू का?"

आतून काय घालायचं हे कोणी उघडपणे लिहीत नाही, म्हणून लिहिते. बिनशिवणीची, मांडीपर्यंत येणारी शॉर्ट घाला. सायकलवाल्यांची जाड गादीची मला आवडली नाही, गादी सरकते आणि तिची कडाच टोचते. बायकांनी चांगल्या आधाराची स्पोर्ट्स ब्रा घ्यावी, दुडक्या चालीत तिची किंमत कळते. मारवाडी घोड्यांत काहींना रेवाळ चाल उपजत येते, तिच्यात माणूस फारसा उसळत नाही. पण तुमच्या वाट्याला तसाच घोडा येईल या भरवशावर राहू नका. व्हॅसलिन आणि झिंक ऑक्साइडची चिकटपट्टी जवळ असू द्या. चिकटपट्टी त्वचा लाल व्हायच्या आधी लावायची, नंतर नाही.

बुटाला साधारण इंचभर टाच हवी. टाच नसेल तर पाऊल रिकिबीतून आरपार जातं आणि पडलात तर घोडा फरफटत नेतो. ट्रेकिंगचे खोल खाचांचे बूट उलट्या कारणाने वाईट, ते रिकिबीत अडकतात. हाफ चॅप्स, म्हणजे बुटावरून पोटरीला गुडघ्यापर्यंत चढवायची आवरणं, सुएडच्या घेतल्या. काही महिन्यांत त्या घोट्याशी बसतात आणि उंची थोडी कमी होते, म्हणून नव्या असताना गुडघ्यामागे किंचित टोचल्या तर घाबरू नका. एकीची चेन पावसाळ्यात गेली. रावपुऱ्यातल्या मोच्याने जाड पितळी चेन लावून दिली, ती मूळपेक्षा बरी. बडोद्याच्या श्रावणात चामड्यावर बुरशी येणारच. ग्लिसरीन साबणाच्या ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका.

हातमोजे घ्या, कुठलेही चिकट तळव्याचे. अरवलीत बोरी-बाभळींच्या फांद्या तोंडावर येतात, पूर्ण बाह्याही त्यासाठीच. तोंडाला आपण स्कूटरवर बांधतो तोच स्कार्फ. त्यात बडोद्याच्या मुलींना कोणी काही शिकवायला नको.

खुर्जीबद्दल थोडं जास्त. खोगिराला मागून अडकवायची दुहेरी पिशवी मी ताडपत्री शिवणाऱ्याकडून करून घेतली. दोन्ही बाजूंचं वजन सारखं हवं, नाहीतर खोगीर एका अंगाला ओढलं जातं आणि घोड्याची पाठ सोलते. म्हणून अर्ध्या लिटरच्या दोन बाटल्या, एकेका बाजूला, आणि दोन्हीतलं पाणी आलटून पालटून प्यायचं. स्टीलची बाटली खडखडते, तिला नॅपकिन गुंडाळा. मोबाइल, औषधं, ओळखपत्र मात्र खुर्जीत नाही, अंगावरच्या चेनवाल्या खिशात. तुम्ही खाली पडलात तर खुर्जी घोड्याबरोबर जाते! पाठीवर सॅक नकोच, ती दर पावलाला कंबरेत बसते. खाऊमधे राजगिऱ्याची चिक्की टिकली. खाकऱ्याचा दुपारपर्यंत रवा झाला होता, लीलो चेवडो, म्हणजे बडोद्याचा ओलसर चिवडा, रात्री तंबूत खाल्ला.

फडफडणारा रेनकोट घोड्यावर बसून अंगात चढवायला जाऊ नका, उतरून घाला. पाठीमागे अचानक सळसळ झाली तर शांत घोडाही उधळतो.

जीपमधली मोठी बॅग मऊच हवी, चाकांची कडक नको. निघायच्या आधी धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचारून घ्या, लिदीत आणि मातीत ते जंतू असतात. विम्याची पॉलिसीही वाचा, बऱ्याच पॉलिसींत घोडेस्वारी वगळलेली असते. मोतद्दारांना, म्हणजे घोड्यांची देखभाल करणाऱ्यांना, द्यायला सुटे पैसे ठेवा. खोगीर, लगाम तिथलेच वापरा, ते त्या घोड्याच्या पाठीला बसलेले असतात.

पुढच्या जानेवारीत राजस्थानातल्याच शेखावाटीचा बेत आहे. तिकडे पहाटे पारा शून्याजवळ उतरतो आणि लोखंडी रिकीब तळव्यातली ऊब ओढून घेते. जाड लोकरी मोजे माझ्या आताच्या बुटात जेमतेम शिरतात, आणि आवळलेला पाय आणखीच गारठतो. त्यामुळे यंदा नवीन खरेदी एकच, अर्ध्या मापाने मोठे बूट. आणि टेलरकाकांची ती "अजून एक".