चक्करची तपासणी: कॅलोरिक की व्हीएचआयटी?

ठाण्यातल्या एका मावशींना चक्कर आतल्या कानामुळे येते का हे बघायला कॅलोरिक (कानात पाणी सोडून) आणि व्हीएचआयटी (डोकं पटकन वळवून) या दोन्ही टेस्ट सुचवल्यात, आणि कॅलोरिकमध्ये बुबुळं आपोआप हलतात म्हणजे काही बिघडलंय का, ही त्यांची खरी भीती. तर नाही हो, कानात ३० आणि ४४ डिग्रीचं पाणी सोडलं की आतला द्रव हलतो आणि ठणठणीत माणसाचीही बुबुळं सरकतातच, उलट एका कानाला कमी सरकली तर तो कान तोल सांभाळण्यात कमजोर असू शकतो.

त्रासाचं म्हणाल तर कॅलोरिकमध्ये थोडा वेळ गरगरतं, मळमळतं, त्यामुळे घोडबंदरच्या ट्रॅफिकमधून एकटं घरी येऊ नका. व्हीएचआयटीत गॉगल लावून ठिपक्याकडे बघायचं, डोकं पटकन वळवतात, गरगर फारशी नाही, आणि निरोगी माणसाची नजर ठिपक्यावरच टिकते.

व्हीएचआयटी दोन्ही कानांतल्या तोल सांभाळणाऱ्या सहाही नलिका तपासते, कॅलोरिक फक्त दोन आडव्या, पण मेनिएरमध्ये (आतल्या कानाचा, चक्कर आणि कमी ऐकू येण्याचा आजार) बऱ्याचदा बिघाड कॅलोरिकलाच सापडतो, म्हणून ती जुनी म्हणून टाळू नका.

मानेचा त्रास असेल तर कॅलोरिक बरी. कानाच्या पडद्याला भोक असेल तर पाणी नको, व्हीएचआयटी करा. मेनिएरची शंका असेल तर माझ्या मते दोन्ही.