शाळेच्या रोबो-टीमसाठी कोणती स्पर्धा: डब्ल्यूआरओ की एफटीसी?

आठवी-नववीतल्या मुलांना रोबोटिक्सच्या स्पर्धेत उतरवायचं ठरलं की बहुधा दोन नावं समोर येतात: वर्ल्ड रोबोट ऑलिंपियाड आणि फर्स्ट टेक चॅलेंज. बोलण्यात डब्ल्यूआरओ आणि एफटीसी. कोणती निवडू, असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, मुलं किती आहेत?

दोन-तीनच असतील तर डब्ल्यूआरओ. तिथे टीमच तेवढी असते. रोबोमिशन गटात लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी २५ सेंटिमीटरमध्ये बसेल असा रोबो टेबलावरच्या मॅटवर सोडायचा आणि हात मागे घ्यायचे. दोन मिनिटं सगळं त्यानेच करायचं, रिमोट नाही. सेन्सरने रंग चुकीचा ओळखला तरी मुलांनी नुसतं बघायचं. शिवाय स्पर्धेच्या दिवशी एखादा जादा नियम जाहीर होतो. प्रोग्रॅम सरांनी लिहून दिलेला असेल तर ते तिथेच उघडं पडतं. मला हा नियम फार आवडतो.

एफटीसीत टीम १५ जणांपर्यंत असते. सामना अडीच मिनिटांचा: पहिले ३० सेकंद रोबो आपला आपण चालतो, पुढची दोन मिनिटं मुलं गेमपॅडने चालवतात. दोन टीमविरुद्ध दोन टीम, आणि पात्रता फेरीत जोडीदार बदलत राहतात. सकाळी जिच्याशी झुंजलात ती टीम दुपारी तुमच्या बाजूने उभी असू शकते. त्यामुळे समोरच्यांची मोटर जळाली तर आपली सुटी मोटर देणं ही तिथली रीतच आहे. 'ग्रेशियस प्रोफेशनलिझम' म्हणतात तिला. हे मुलांना भाषणातून शिकवता येत नाही.

दुसरं म्हणजे इथे कामं अनेक असतात. ॲल्युमिनियम कापायचं, वायरिंग करायचं, जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत प्रोग्रॅम लिहायचा, १५ पानांत कामाची नोंद मांडायची, परीक्षकांसमोर उभं राहून बोलायचं. प्रोग्रॅमिंगचा कंटाळा असलेल्या पण करवत-पाना हातात घेतला की रमणाऱ्या मुलीलाही इथे जागा आहे. मोठी टीम आणि वेळ देणारे एक-दोन शिक्षक असतील तर माझं मत एफटीसीला.

अडचण खर्चाची. एफटीसीला नियमात बसणाराच कंट्रोलर, म्हणजे रोबोचा मेंदू, लागतो. शाळेच्या अटल टिंकरिंग लॅबमधल्या अर्दुइनोवर, म्हणजे प्रोग्रॅम भरता येणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डावर, तो रोबो चालवता येत नाही, थ्रीडी प्रिंटर तेवढा कामी येतो. अर्दुइनोच हाताशी असेल तर डब्ल्यूआरओतला फ्युचर इंजिनिअर्स गट बघा. १४ वर्षांच्या आणि त्यापुढच्या मुलांसाठी आहे आणि सामान कुठलंही चालतं. स्वतः चालणारी छोटी मोटारगाडी करायची: लाल खांब दिसला की उजवीकडून जायचं, हिरवा दिसला की डावीकडून.

दहावीच्या वर्षी एफटीसी टाळलेली बरी. त्या वर्षीचा खेळ सप्टेंबरात जाहीर होतो आणि काम ऐन बोर्डाच्या तयारीत जोर धरतं.

रोबोटिक्सच्या क्लासमध्ये नाव घालणार असाल तर फी भरण्याआधी त्यांच्या जुन्या टीममधल्या एखाद्या मुलाला भेटा. 'रोबो अडला तेव्हा तू काय केलंस?' एवढंच विचारा. तो सांगायला लागला आणि थांबेचना, तर बिनधास्त नाव घाला. 'ते सरांनी दुरुस्त केलं' म्हणाला, तर दुसरा क्लास शोधा.